तीस किलो

पंज नदीच्या या काठावर आमचं गाव,
त्या काठावर अफगाणिस्तान.
मध्ये पाणी, राखेच्या रंगाचं, सदा घाईत.
व्हॉलीबॉल त्यात पडला की गेलाच,
म्हणून इथली पोरं जोरात मारण्याआधी
हळू मारायला शिकतात.

दवाखान्यात मी एकटी.
डॉक्टर खोरोगला, चार तासांवर, रस्ता उघडा असेल तर.
माझ्याकडे वजनकाटा, सोव्हिएत काळातला.
त्याची सुई आधी थरथरते,
मग विचार करते,
मग सांगते.

इमोमनझर मास्तरांचा नियम एकच:
तीस किलोच्या आतल्याने
जिल्ह्याच्या सामन्याला जायचं नाही.
मागच्या साली एक पोरगी घाटात चक्कर येऊन पडली,
तेव्हापासून ते कुणाचं ऐकत नाहीत.
सरावाला मात्र सगळे.
लंगडत लंगडत तेच आधी येतात, जाळं बांधतात,
अर्धं मासेमारीचं, अर्धं कुणाच्या तरी शालीच्या दोऱ्याचं.

मे महिन्यात नेककदम काट्यावर चढला,
कोट घालून.
मे महिन्यात कोट! मी विचारलं नाही.
सुई तीसवर आली, थोडी पुढेही गेली.
तो हसला नाही.
उतरताना कोट खडखडला.

खरं सांगते, मला ऐकू आलं होतं.
पण वरून पत्र आलेलं:
या तिमाहीत मुलांची वजनं वाढलेली दिसावीत.
दिसावीत, असं लिहिलं होतं.
वाढावीत, असं नव्हतं.

तीन दिवसांनी, संध्याकाळी,
मी खारट चहात रोटी कुस्करत होते, दार वाजलं.
नेककदमने टेबलावर पाच दगड मांडले,
नदीतले, गुळगुळीत, मुठीएवढे.
"पोटात दुखतंय का रे?"
"पोटात नाही, आपा," म्हणाला,
आणि कुठे, ते त्याला सांगता येईना.

पुन्हा चढवला. अनवाणी, कोटाविना.
साडेसत्तावीस.
बाप मॉस्कोत विटा रचतो, पैसे धाडतो,
त्या पैशांची रंगीत बिस्किटं येतात, रंगीत बाटल्या,
आणि आईला वाटतं, पोर श्रीमंतासारखं जेवतंय.

तिला बोलावलं. रागावले नाही.
म्हटलं, तुतीचं पीठ काढ, अक्रोड घाल,
तुझी सासू करायची तसं.
अंडी सगळी बाजारात नको धाडूस.
रात्री नऊला दिवा बंद, फोनसुद्धा.
आणि बिस्किटं ठेव पाहुण्यांना,
जे लवकर उठावेत असं वाटतं त्यांना.

मास्तरांना त्याने स्वतः जाऊन सांगितलं.
ते बराच वेळ नदीकडे बघत राहिले.
"जायचं नाही," म्हणाले.
आणि पुष्कळ वेळाने,
"सामानाची पिशवी तू भर. बॉल, पट्ट्या, पाणी.
मी उघडून बघणार नाही."

संघ गेला आणि हरला, सरळ दोन डावांत.
पाणी मात्र पुरलं,
समोरच्या संघालाही पुरलं.

त्या रात्री मी वही काढली.
त्याच्या आकड्याखाली आणखी अकरा आकडे होते,
कुणाला अर्धा किलो वाढवलेला, कुणाला दीड.
त्या पोरांनी खिशात काही ठेवलं नव्हतं.
ठेवलं होतं मी.
लाल शाईने सगळे दुरुस्त केले, वही वर धाडली.
वरून काय येईल, ठाऊक नाही.
अजून तरी काही आलेलं नाही.

दगड खिडकीत आहेत.
दुपारी नदीवरून वारा सुटतो,
नव्या वहीची पानं उडायला लागतात,
तेव्हा त्यातला एक उचलून ठेवते वर.

काल नेककदम आला.
न सांगता दोन्ही खिसे उलटे केले.
एक अक्रोड निघाला.
त्याने अक्रोडाकडे पाहिलं, काट्याकडे पाहिलं,
खिडकीतला दगड घेऊन तो फोडला,
खाल्ला,
आणि मग चढला.